वित्ताचे पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशाआधी करायचा हिशेब



पदवीचे निकाल लागले की आपल्या मंडळाकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. झाली आहे, हैदराबाद, पुणे किंवा नागपूरला 'एमबीए फायनान्स'ला प्रवेश मिळतो आहे, खर्च दहा-बारा लाखांच्या घरात जातो, घालावे का? बऱ्याच घरांत त्यासाठी कर्ज काढावे लागते, क्वचित जमिनीचा तुकडाही विकायला निघतो. म्हणून या शिक्षणात काय शिकवतात, तिथे जाण्याच्या वाटा कोणत्या आणि घातलेला पैसा परत येईल का हे कसे पाहावे, ते आम्ही इथे मांडत आहोत.

शिकवतात काय?

या विषयाचे दोन भाग आहेत. पहिला कंपनीच्या आतला : पैसा कर्जातून उभा करावा की भागभांडवलातून, तो कोणत्या कामात घालावा, नफ्यातला किती वाटावा. दुसरा बाहेरून पाहणाऱ्याचा : कंपनीचा ताळेबंद वाचून तिचा शेअर किंवा रोखा आज कितीला घेणे परवडेल, हे ठरवणे. दोन्ही भाग एकाच पायावर उभे आहेत. उद्या मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत रुपयापेक्षा कमी असते.

हे आपल्याला नवीन नाही. समजा, दिवाळीनंतर कापसाला क्विंटलला ७,००० रुपये मिळत आहेत आणि चार महिने थांबल्यास ७,४०० मिळतील असे वाटते. आडत्याची उचल महिना दोन टक्क्यांनी असेल, तर चार महिन्यांचे व्याज ५६० रुपये होते. म्हणजे ७,५६० च्या खाली विकला तर थांबण्यात तोटाच. शिवाय कापूस सुकून वजन घटते ते वेगळे. उचल नसलेल्या शेजाऱ्याला मात्र थांबणे परवडू शकते. भाव दोघांना सारखाच असला तरी निर्णय वेगळा होतो, कारण पैशाची किंमत दोघांना वेगळी पडते. वर्गात याच हिशेबाला 'निव्वळ वर्तमान मूल्य' म्हणतात.

जोखमीचेही तसेच. कपाशीत तुरीची तासे घालणारा शेतकरी दोन्ही पिके एकाच वेळी बुडू नयेत हे पाहतो. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये हाच विचार शेअरांच्या बाबतीत गणिताने मांडला. पुढे १९९० चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्यासोबत मिळाला. मुलांनी हे नाव ऐकून दबून जाऊ नये. अवघड असते ते गणित आणि इंग्रजी. त्यामागची समज घरात आधीपासून असते.

कागजनगरचे उदाहरण

पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या कागजनगरची सिरपूर पेपर मिल आठवा. निजामाच्या काळात उभी राहिलेली ही गिरणी सप्टेंबर २०१४ मध्ये थांबली. कामगारांची घरे, दुकाने, शाळा, सगळ्या गावावर त्याचा परिणाम झाला. नंतर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली प्रकरण हैदराबादच्या कंपनी न्यायाधिकरणापुढे गेले, २०१८ मध्ये जेके पेपरची योजना मंजूर झाली आणि गिरणी पुन्हा सुरू झाली.

चार वर्षे बंद पडलेल्या यंत्रांची किंमत कशी ठरते? यंत्रे विकत घेताना किती पैसे पडले होते, हा प्रश्न इथे उपयोगाचा नसतो. दुरुस्तीला किती लागेल, पुढची पंधरा-वीस वर्षे कागद विकून दरवर्षी किती उरेल, बांबू-लाकूड आणि कोळसा कोणत्या दराने मिळेल, सरकार काय सवलत देईल, आणि त्या उरणाऱ्या पैशाची आजची किंमत काय, हे विश्लेषक मांडतो. हिशेब जमला तर खरेदीदार पुढे येतो. आदिलाबादचा सरकारी सिमेंट कारखाना मात्र नव्वदच्या दशकात बंद पडला तो बंदच राहिला. एका गावाचा भोंगा पुन्हा वाजतो आणि दुसऱ्याचा वाजत नाही, यामागे राजकारण असते तसे असे हिशेबही असतात. ते करणाऱ्यांत आपल्या भागाची ओळख असलेली माणसे असावीत, असे आम्हाला वाटते.

वाटा कोणत्या?

एमबीए : तेलंगणातल्या महाविद्यालयांसाठी आयसेट, आयआयएमसाठी कॅट. नागपूरचे आयआयएम २०१५ पासून सुरू आहे. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तिथला एमबीए प्रवेश महाराष्ट्राच्या सीईटीतून होतो. इथे एक गैरसमज दूर करू. आपण मराठी आहोत म्हणून महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात जागा मिळत नाही. सीमाभागासाठी जी सवलत आहे, ती कर्नाटकालगतच्या वादग्रस्त भागासाठी आहे. आपला अर्ज बहुधा अखिल भारतीय जागांसाठीच धरला जातो आणि तेलंगणाचा जातीचा दाखला तिथल्या राज्य आरक्षणाला चालत नाही. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी.

सीएफए : अमेरिकेतील संस्थेची, तीन टप्प्यांची परीक्षा. वर्गात जाण्याची सक्ती नाही, नोकरी करता करता देता येते, हैदराबादला केंद्र मिळते. एकेका टप्प्याला साधारण ३०० तास अभ्यास लागतो. फी डॉलरमध्ये भरावी लागते आणि सनद मिळायला ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो.

याशिवाय सनदी लेखापालाची वाट आहेच. सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. तिथे शेअर बाजाराशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. तिच्या प्रमाणपत्र परीक्षा थोड्या फीमध्ये देता येतात. मुलाला विषयाची गोडी आहे की नाही हे लाखो रुपये घालण्याआधी कळायला त्यांतली एखादी परीक्षा पुरेशी असते.

प्रवेशाचाच हिशेब

आता वर्गात शिकवतात तेच गणित वर्गाच्या फीला लावून पाहू. समजा, दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च मिळून १२ लाख. त्या काळात नोकरी केली असती तर वर्षाला अडीच लाख, म्हणजे ५ लाख हातचे गेले. एकूण गुंतवणूक १७ लाख. कर्जाचा व्याजदर १० टक्के धरू आणि शिक्षण संपल्या दिवसापासून मोजू.

शिकल्यामुळे वर्षाला ४ लाख जास्त मिळाले, तर साध्या भागाकाराने सव्वाचार वर्षांत पैसे फिटले असे वाटते. व्याज धरले की सहावे वर्ष उजाडते. तरीही सौदा चांगला आहे.

पण जास्तीचे फक्त दीड लाख मिळाले तर? १० टक्के दराने, दरवर्षी कायम मिळणाऱ्या दीड लाखाची आजची किंमत १५ लाख होते. घातले १७ लाख. म्हणजे जन्मभर नोकरी केली तरी हा पैसा फिटत नाही. पगारवाढ होते हे खरे, पण ती पदवी नसती तरी थोडीफार झालीच असती. मोजायचा तो दोन्हींतला फरक.

म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकातला 'सर्वाधिक पगार' पाहू नये. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाला, किती जणांना वित्तातले काम मिळाले आणि किती जणांना विमा-कर्ज विकायला पाठवले, हे मागच्या तुकडीतल्या मुलांना विचारावे. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज सरकारी हमी योजनेत तारणाशिवाय मिळू शकते. तेव्हा जमिनीला हात लावण्याआधी बँकेत चौकशी करावी. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज आधीपासूनच चढत असते.

एक इशारा

वित्त शिकणे म्हणजे मोबाईलवर वायद्यात पैसे लावणे नव्हे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, तीन वर्षांत वायदे-पर्यायांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. हे नवीनही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा मुंबईत शेअरांच्या सट्ट्यात गेला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळे कोसळले.

मुलांना जरूर शिकवावे, मुलींनाही तितकेच. फक्त कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा मांडावा. कुणाला जमत नसेल, तर प्रवेशपत्र आणि फीचा तक्ता घेऊन मंडळात यावे. आपण एकत्र बसून मांडू.