आठ तुकडे

मोसंबीची साल गरम तेलात पडली की तिला असा वास सुटतो, हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. अंबडला मैत्रिणीकडे गेले होते. मत्स्योदरीचं दर्शन घेऊन संध्याकाळी टेकडी उतरत होते. माशाच्या आकाराची टेकडी, म्हणून देवी मत्स्योदरी. पायऱ्या संपवून गल्लीत वळलो आणि एका घराच्या मागच्या अंगणातून वास आला. लसणाचा ओळखला, सोया सॉसचाही ओळखला. पण त्या दोघांच्या वरून आणखी एक येत होता, कोवळा, थोडा कडसर, नाकाला गुदगुल्या करणारा. मी थांबले. मैत्रीण म्हणाली, "काकींचं चायनीज चाललंय. रविवार आहे ना आज."

पुढच्या रविवारी मी संभाजीनगरहून पुन्हा अंबडची एसटी धरली, ती त्या वासासाठीच.

काकींचं घर बागायतदाराचं. गावाबाहेर मोसंबीची बाग, बाकी रानात कापूस आणि तूर. काकींचं वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं कमी, हात सतत चालू. मी बाजेवर बसून "हे कधीपासून करता?" असं विचारलं, तेव्हा त्या चिकन धुवत होत्या. उत्तर द्यायला त्यांनी मान वर केली नाही.

"दोन वर्सं झाली. धाकट्यानं लई हट्ट केला म्हणून ह्यांनी चायनीजच्या गाडीवरून फुल प्लेट आणली. दीडशे रुपये. ताटात ओतली अन् मोजली, आठ तुकडे. खाणारे पाच. मंग धाकट्याला तीन, थोरल्याला दोन, ह्यांना दोन, मामांना एक. मी म्हणलं, मला नाही आवडत असलं."

पाण्यात हात तसाच ठेवून त्या क्षणभर थांबल्या. "आवडत होतं हो. बोटाला लागलेलं चाखलं होतं ना मी."

हे वाक्य मी परतीच्या एसटीतही ऐकत होते. आठ तुकडे, पाच माणसं. आपल्याकडच्या किती स्वयंपाकघरांत हा हिशेब झालाय, आणि प्रत्येक वेळी शेवटचं माणूस "मला आवडत नाही" म्हणालंय. गाडीवाल्याला त्या दोष देत नाहीत. "त्याला गॅस आहे, तेल आहे, पोरगं ठेवलंय हाताखाली. तो आठच देणार." पण आठ पुरत नाहीत, एवढं खरं.

नंतर न्यूजर्सीला असलेल्या धाकट्या दिरानं फोनवर सांगितलं, की इकडं मॉलमध्ये संत्र्याचं चिकन मिळतं, चिनी हॉटेलवाले करतात, गोड-आंबट, वरून चकचकीत. काकी म्हणाल्या, संत्री आपल्याकडं नाहीत, मोसंबी आहे. तिथून हे सुरू झालं.

दीर ज्या चिकनबद्दल बोलत होता त्याची जन्मकथा फार जुनी नाही. पांडा एक्सप्रेस नावाची अमेरिकन साखळी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मॉलमध्ये सुरू झाली. तिच्या अँडी काओ या आचाऱ्यानं 1987 मध्ये ऑरेंज चिकन केलं. चीनमध्ये संत्र्याची साल वर्षानुवर्षं वाळवून ठेवतात आणि मांसात घालतात, त्या चवीची ही अमेरिकेत गोड झालेली लेक. तिची मोठी बहीण जनरल त्सो चिकन. ते हुनानच्या पेंग चांग-क्वेई या आचाऱ्यानं 1950 च्या दशकात तैवानमध्ये केलं, आणि 1970 च्या दशकात न्यूयॉर्कला पोचल्यावर तेही गोड झालं. आपल्या मुंबईतही असंच घडलं. कोलकात्याच्या चिनी घरात जन्मलेले नेल्सन वांग 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात होते. त्यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं, आणि चिकन मंचुरियन झालं. मंचुरियात ते कुणी खात नव्हतं. अंबडच्या गाडीवरचे ते आठ तुकडे याच घराण्यातले. म्हणून काकींच्या चिकनला जे "नक्कल" म्हणतात त्यांचं मला पटत नाही. गाव सोडून गेलेल्या माणसानं, नव्या गावात जे मिळतं त्यातून, नव्या गावाच्या जिभेसाठी रचलेला हा पदार्थ आहे. अंबडमध्ये मोसंबी मिळते.

मोसंबीचंही तेच. तिचं शास्त्रीय नाव सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे चीनची. "मोसंबी" हा शब्द मोझांबिकवरून आला. चीनमधलं फळ आफ्रिकेचं नाव घेऊन जालन्याच्या काळ्या रानात रुजलं, आणि आता जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. रुजणं सोपं नव्हतं. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरनं पाणी घालून झाडं धरली, आणि ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी जेसीबी लावून मुळासकट काढली. काकींच्या बागेतली अर्धी झाडं त्यानंतर पुन्हा लावलेली आहेत. त्या वर्षाबद्दल त्या बोलत नाहीत, मीही जास्त विचारलं नाही.

चिकन त्या मांडीचं घेतात. चिकन सेंटरवाला बोनलेस म्हटलं की छातीचं देतो, पण ते दोनदा तळलं की चोथा होतं. अर्धा किलोचे सुपारीहून मोठे तुकडे, मीठ, मिरी, आलं-लसूण, चमचाभर सोया, एक अंडं. मग कॉर्नफ्लोअर आणि त्यात मूठभर तांदळाचं पीठ, आणि वरून पळीभर कडकडीत तेल.

"हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय? भज्याला मोहन घालतो का नाही?"

त्या दुपारी मला सगळ्यात जास्त हे भावलं. गाडीवर किंवा फोनवर पाहिलेल्या कृतीत मोहन नव्हतं. ते त्यांच्या आईच्या भज्यांतून आलं होतं.

घरात मटण-चिकन शिजत नाही, कारण सासूबाई माळकरी. त्यामुळे सगळं मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या लोखंडी कढईत. मला आधी ही अडचण वाटली होती. पण चायनीजच्या गाडीवर भट्टीचा जो भणाणता जाळ असतो, तो घरच्या गॅसच्या शेगडीवर मिळत नाही, आणि घरचं चायनीज मऊ पडतं ते मुख्यतः यामुळंच. काकींच्या चुलीत तुराट्या होत्या. तूर निघाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काड्या भसकन पेटतात, हातभर ज्वाळा उठते आणि तितक्याच लवकर बसते. पहिल्या तळणाला त्या मोसंबीच्या छाटणीतली वाळकी सल घालतात, ती संथ जळते. तुकडे फिकट पिवळे झाले की झाऱ्यानं काढून परातीत पसरतात आणि पंधरा मिनिटं विसरून जातात. या वेळात आतलं पाणी बाहेर येतं, कवच ओलसर होतं. मग तुराट्या. कढईखाली ज्वाळा गेली की तुकडे पुन्हा तेलात, एक मिनिटभर, फार तर दीड. आवाज बदलतो. आधी फसफस होती, आता तडतड. काकी आवाजावरच काढतात.

मी मध्ये काही विचारलं, तर त्यांनी हातानं गप्प केलं. त्यांचा कान कढईकडे होता.

पाक मात्र आत, घरच्या गॅसवर, स्टीलच्या स्वच्छ पातेल्यात. लोखंडात आंबट घातलं तर काळं पडतं, आणि दुसरं कारण सासूबाईंचं, ते पुढे येईल. थोडं तेल, ठेचलेला लसूण, आलं, दोन सुक्या मिरच्या. मग मोसंबी. काकींनी ती आल्याच्या किसणीवर इतकी हलक्या हातानं फिरवली की फळ सोललं गेलं असं वाटलंच नाही, फक्त वरचा हिरवा-पिवळा रंग उतरला. खालचा पांढरा भाग लागू द्यायचा नाही, तो कडू. तो कीस तेलात पडला आणि तोच वास, गल्लीत मला थांबवणारा. मी पातेल्यावर वाकले. काकी पहिल्यांदा हसल्या.

"आजींना पण हाच आवडतो. त्या दाराशी येऊन बसतात."

सासूबाई खरंच बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, पाय पसरलेले, डोळे मिटलेले.

मग सोया, व्हिनेगर, साखर, वाटीभर पाणी. उकळी आली की काकी पळीतून थेंब बशीत टाकतात आणि अंगठा-तर्जनीत धरून ओढतात. एक तार आली की लाडूच्या पाकाला चाललं असतं, इथे अजून थोडं पुढे न्यायचं. घट्ट का करतात, ते मला रस घालताना कळलं.

पहिल्यांदा त्यांनी रस पाकातच उकळला होता. रंग सुरेख आला, चव कडू. दुसऱ्यांदा साखर वाढवली, तरी कडू. "रस शिजवला की रागावतो," असं त्या म्हणतात. मोसंबीच्या रसात एक घटक असतो, तो ताज्या रसात जिभेला कळत नाही. रस ठेवला किंवा तापवला की त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. रसवंतीवर मोसंबीचा रस काढल्या काढल्या प्यायला सांगतात तो याचमुळे. लिमोनिन हा शब्द काकींना ठाऊक नाही. त्यांनी चार रविवार घालवले आणि उत्तर काढलं: पाक जास्त घट्ट ठेवायचा, सगळं कालवून पातेलं खाली उतरवायचं, आणि मग रस. रसानं पाक सैल होऊन हवा तितका येतो. मोसंबी संत्र्याइतकी आंबट नसते, म्हणून वर अर्धं कागदी लिंबू.

चार रविवार घरातल्यांनी कडू चिकन खाल्लं का, असं विचारलं. "खाल्लं. धाकटा म्हणला, आई, आठ कडू तुकड्यांपेक्षा पंचवीस कडू बरे."

पाक तयार झाल्यावर निम्मा त्यांनी वेगळ्या वाटीत काढला. त्यात फ्लॉवरचे तुरे, तळलेले, पण घरच्या कढईत. ती वाटी आजींची. अंगणातलं पातेलं आणि घरातलं पातेलं यांच्यामध्ये काकी तीनदा हात धुऊन गेल्या-आल्या. हा भाग कुठल्याही कृतीत लिहिलेला सापडणार नाही. माझ्या मते हा पदार्थ या घरात टिकला तो त्या तीन वेळा धुतलेल्या हातांमुळे. आजींची वाटी निघाली नसती तर हे चिकन चोरून खायची गोष्ट झाली असती.

उरलेला पाक अंगणात, चुलीवर. तळलेले तुकडे त्यात, दोनदा वर-खाली, तिसऱ्यांदा नाही. कवच पाकात भिजत राहिलं तर दोनदा तळण्याचे कष्ट वाया. पातेलं खाली. रस, लिंबू. वर तीळ, कारण दिराच्या फोटोत तीळ होते आणि घरात संक्रांतीचे उरलेले होते.

चवीबद्दल एवढंच सांगते. पहिल्या घासाला कवच वाजलं, मग गोड, मग आंबट, मिरची उशिरा. आणि सगळं गिळून झाल्यावर नाकाच्या मागे मोसंबी राहिली. न्यूजर्सीचं ऑरेंज चिकन मी एकदा मुलीकडे गेले असताना खाल्लं आहे. तिथे संत्रं गोडीत हरवलं होतं. अंबडची मोसंबी हरवली नाही.

अर्धा किलोचे सव्वीस तुकडे झाले होते. वाढताना काकींनी मोजले नाहीत, मी मोजले. मला पाहुणी म्हणून चार, मुलांना पाच-पाच, यजमानांना चार, मामांना दोन, त्यांना दातांनी जमत नाही. काकींच्या ताटात सहा होते. जेवताना त्या कुणाशी बोलल्या नाहीत, शेवटचा तुकडा पोळीनं पुसून खाल्ला.

निघताना अंगणात बाजेवर फडकं टाकून मोसंबीच्या साली वाळत घातलेल्या दिसल्या. उटण्यासाठी.

मृग बहाराची मोसंबी फेब्रुवारी-मार्चला बाजारात येते. करून बघणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा: साल वरवरचीच किसा, आणि रस पातेलं विस्तवावरून उतरल्यावरच घाला. आणि वाढायच्या आधी करणारीचं ताट भरा.