कंपवात आणि दृष्टी

कंपवात अर्थात पार्किन्सन्सचा आजार म्हटला की थरथरणारे हात आणि मंदावलेली चाल आपल्या नजरेसमोर येते. मात्र या आजारात दृष्टीलाही त्रास होतो, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण रुग्णाची तक्रार बाजूला सारतो आणि ज्यावर इलाज आहे, तो त्रासही तसाच राहतो.

या आजारात मेंदूतील डोपामिन हे द्रव्य कमी होते. हेच द्रव्य डोळ्याच्या पडद्यातही काम करते. त्यामुळे रंगछटांतील फरक कमी जाणवतो; पायरीची कड स्पष्ट दिसत नाही आणि पडण्याचा धोका वाढतो. पापण्यांची उघडझाप मंदावल्याने डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वाचताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत आणि एकाच्या जागी दोन ओळी दिसतात.

कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब व दुहेरी दिसण्यावर प्रिझमचा चष्मा नेत्रतज्ज्ञ सुचवू शकतात. वाचनाचा व चालतानाचा चष्मा वेगळा असलेला बरा. घरात पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावावी, रात्री दिवा चालू ठेवावा, पांढरा भात गडद रंगाच्या ताटात वाढावा.

काही रुग्णांना समोर नसलेली माणसे दिसतात. लोक वेडे ठरवतील या भीतीने ते गप्प राहतात. हा आजाराचा किंवा औषधांचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना अवश्य सांगावे. परंतु औषध परस्पर बंद करू नये. आपल्या रुग्णाला आपणच आपुलकीने विचारू या, म्हणजे त्याला ते लपवावे लागणार नाही.