गुन्हा आणि गोतावळा (भाग सातवा) : दारातला ग्रुप

निशिकांत कामत यांच्या २००५ सालच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे एकटाच पेटून उठतो आणि एकटाच कायदा मोडतो. प्रत्यक्षात डोंबिवलीच्या सकाळच्या गाडीत नियम मोडला जातो तो बहुतेकदा चारचौघांच्या संगतीने, हसतखेळत. मागच्या भागात आपण गरिबी आणि गुन्हा यांचं नातं तपासलं. या वेळी संगतीकडे वळू.

इंडियाना विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलंड यांनी १९३९मध्ये एक सिद्धान्त मांडला आणि १९४७मध्ये त्याला अखेरचं रूप दिलं. गुन्हा रक्तातून येत नाही. तो शिकला जातो, आणि तोही जवळच्या, जिव्हाळ्याच्या माणसांकडून. त्यांच्याकडून माणूस कृत्य कसं करायचं ते उचलतो, आणि ते योग्यच कसं हे स्वतःला पटवायलाही शिकतो. मला हे दुसरं शिक्षण जास्त खोलवर जाणारं वाटतं.

कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदाराचा असा जिव्हाळ्याचा गोतावळा म्हणजे लोकलचा ग्रुप. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेलं दार. दसऱ्याला डबा सजवून पूजा करणारा, भजनाला टाळ काढणारा, महिला डब्यात मैत्रिणीचं डोहाळजेवण साजरं करणारा. कुणाच्या घरी आजारपण आलं तर रक्तदाते शोधायला हीच माणसं धावतात. आणि दिव्याला किंवा ठाण्याला दारात आडवी उभी राहून ‘कुठे उतरायचंय? मग स्लो पकड ना!’ असं विचारणारीही हीच. ग्रुपमध्ये नवा आलेला आधी नुसता बघतो. मग बॅग टाकून जागा धरतो. काही महिन्यांनी दारात त्याचाही खांदा आडवा होतो. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं.

ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७मध्ये अमेरिकेतल्या अल्पवयीन गुन्हेगारांबद्दल लिहिलं, की ही मुलं नियम नाकारत नाहीत, नियमातून सुटायच्या सबबी आधीच तयार ठेवतात. अशा पाच सबबी त्यांनी नोंदवल्या, आणि पाचही आपल्या डब्यात ऐकू येतात. ‘गर्दीच एवढी, आम्ही काय करणार?’ ‘मागून दुसरी येतेच आहे.’ ‘ठाण्यालाच उतरायचं तर फास्टमध्ये चढतात कशाला?’ ‘आधी रेल्वेला सांगा, गाड्या वाढवा म्हणावं.’ आणि शेवटची, ‘आमच्या काकूंचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी जागा ठेवलीय.’ काकूंचे गुडघे खरोखरच दुखत असतात. म्हणून ही सबब सगळ्यांत चिवट.

१९८९च्या रेल्वे कायद्यात दोन कलमं लागोपाठ येतात. १५५व्या कलमानुसार, राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला शिरू न देणं हा गुन्हा आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. १५६वं कलम टपावरून किंवा पायरीवरून प्रवास करणाऱ्यासाठी. ताकीद देऊनही तो हटला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्याला आत सरकू दिलं नाही आणि जो पायरीवर लोंबकळत राहिला, तोच कायद्याच्या लेखी मोठा गुन्हेगार! ही उलटी तराजू मला अस्वस्थ करते. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या गाड्यांतून पडले आणि त्यांतल्या काहींनी जीव गमावला. त्याचा दोष कुठल्या ग्रुपवर टाकणं अन्यायाचं होईल. गर्दीच्या मानाने गाड्या अपुऱ्या आहेत, हे मूळ दुखणं. पण दारातली जागा कुणाच्या वाट्याला येते, हे त्या टंचाईइतकंच डब्यातल्या नात्यांवरही ठरतं.

सदरलंड यांच्या मांडणीत संगत दोन्ही बाजूंनी शिकवते, हे विसरलं जातं. महिला डब्यात बसलेलीने अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेलीला जागा द्यायची, असा रिवाज अनेक ग्रुपमध्ये आहे. बहुतेक ठिकाणी तो ग्रुपपुरताच राहतो. जिथे अनोळखी मुलीलाही पाळी मिळते, तिथे ती मुलगी पुढे स्वतः बसलेली असताना उठायला शिकते, तेही कुणी न सांगता.

पुढील भागात : हॉवर्ड बेकर यांचा शिक्क्याचा सिद्धान्त आणि १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा.