मूत्रपिंडांखेरीज शरीर स्वच्छ ठेवणारे अवयव

शरीरातील टाकाऊ द्रव्यांच्या उत्सर्जनाचा विषय निघाला की मूत्रपिंडांचेच नाव प्रथम घेतले जाते. तथापि यकृत, फुप्फुसे, आतडी आणि त्वचा यांचाही या कार्यात वाटा असतो. यकृत किंवा फुप्फुसे निकामी झाल्यास निरोगी मूत्रपिंडेही ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाहीत.

यकृताचे कार्य सर्वांत व्यापक आहे. प्रथिनांच्या विघटनातून मेंदूस अपायकारक असा अमोनिया तयार होतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो युरिया मूत्रावाटे बाहेर टाकतात. हे युरिया चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. यकृत निकामी झाल्यास रक्तातील अमोनिया वाढतो व रुग्णाला ग्लानी येऊ शकते.

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्या विघटनातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निर्माण होते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. मलाचा तपकिरी रंग त्यापासूनच तयार होतो. पित्ताचा मार्ग अडल्यास मल फिकट, लघवी गडद आणि डोळे पिवळे होतात. हीच कावीळ.

नवजात अर्भकाचे यकृत पुरेसे परिपक्व नसल्याने पहिल्या आठवड्यात अनेक बालकांना कावीळ होते. ती बहुधा आपोआप ओसरते; मात्र बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यास बिलिरुबिनची रचना बदलते आणि ते सहज बाहेर पडते. इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९५८ मध्ये प्रकाशोपचाराची माहिती प्रसिद्ध केली. बाळाला कोवळ्या उन्हात ठेवणे हा या उपचाराला पर्याय नव्हे. जन्मानंतर २४ तासांच्या आत कावीळ दिसल्यास बाळाला तातडीने डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. हा वायू साचल्यास रक्ताची आम्लता वाढते. मूत्रपिंडे ती कमी करू शकतात, पण त्यास काही दिवस लागतात.

त्वचेचा वाटा मात्र अल्प आहे. घामात प्रामुख्याने पाणी असते. मीठ आणि युरिया यांचे प्रमाण थोडे असते. घामाचे मुख्य काम शरीराचे तापमान राखणे हे होय. त्यामुळे भरपूर घाम गाळल्याने शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातात, या समजुतीत फारसे तथ्य नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला घाम हा डायलिसिसचा पर्याय ठरू शकत नाही.