पोच येईपर्यंत

ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी वाटांच्या बातम्या एकमेकांना कळवायची पद्धत. ती चालवणाऱ्या राउटरमध्ये एक बारकीशी सेटिंग असते. शेजारच्या राउटरला बातमी पाठवली, त्याची पोच आली नाही, तर किती वेळ थांबून ती पुन्हा धाडायची? रूढ उत्तर आहे 5 सेकंद. सिस्कोच्या राउटरवर हा आकडा बदलायला एका ओळीची आज्ञा पुरते आणि तिच्यात 65,535 पर्यंत मजल मारता येते. म्हणजे 18 तास 12 मिनिटं 15 सेकंद! ओएसपीएफमधली कुठलीही बातमी ताजी केली नाही तर तासाभरात बाद होते. इथे दुसरी खेप निघायच्या आत ती अठरा वेळा मरून झाली असती. एवढा आकडा शहाणा माणूस टाकत नाही, पण टाकला तर यंत्र हूं का चूं करत नाही.

खरा मोह उलट दिशेचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. 5 सेकंदांत 10 लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीभोवती 25 फेऱ्या. आणि शेजारी बसलाय बहुधा त्याच इमारतीत. 100 गिगाबिटच्या लिंकवरून तेवढ्या वेळात 62.5 गिगाबाइट निघून जातात. मग नव्या इंजिनिअरचा हात शिवशिवतो: 5 काढा, 1 टाका.

इथेच गोम आहे. बातमी घेणारा राउटर पोच लगेच देईलच असं नाही. चार-सहा बातम्यांच्या पोचा एकाच पॅकेटमध्ये बांधून पाठवायच्या म्हणून तो मुद्दाम थोडा थांबतो. पाठवणाऱ्याचा धीर त्याआधी सुटला, तर पोहोचलेलाच माल परत निघतो. ओएसपीएफच्या नियमांच्या दस्तऐवजात, 1998 सालच्या आरएफसी 2328 मध्ये, जॉन मॉय यांनी हा आकडा बेताने, सढळ ठेवा असं बजावलंय ते यासाठीच. मला तो सल्ला आजही पटतो.

घाईने काय होतं ते ऑक्टोबर 1986 मध्ये दिसलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर 400 यार्ड. तिथला वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर आला. आठशेपटीने घसरण, सेकंदाला जेमतेम 5 अक्षरं. दोष राउटरांच्या आपसातल्या बातम्यांचा नव्हता, दोन टोकांच्या संगणकांचा होता: पॅकेटं रांगेत उभी असतानाच ती हरवली असं समजून ते तीच पुन्हा ओतत होते. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला. जाण्यायेण्याला लागणारा वेळ मोजत राहायचा, त्याची चढउतारही धरायची, आणि दर अपयशानंतर थांबायचा काळ दुप्पट करायचा.

पुन्हा पाठवायचं म्हटलं की दुसरा प्रश्न येतोच: हाती आलेली प्रत जुनी की नवी? 1980 मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर बातमीचा क्रमांक 6 बिटांचा होता. 0 ते 63, की परत 0. 27 ऑक्टोबरला हार्डवेअरच्या दोषामुळे बिट गळले आणि 50 क्रमांकाच्या नोडच्या नावाने 44, 40 आणि 8 अशा तीन बातम्या एकाच वेळी फिरू लागल्या. द्विमान पद्धतीत 101100, 101000, 001000. दर वेळी एकेक बिट पडलेला. वर्तुळातला नियम असा, की 32 पर्यंत पुढे असलेला नवा. त्या हिशेबाने 8 पेक्षा 40 नवा, 40 पेक्षा 44 नवा, आणि 44 पेक्षा 8 नवा! प्रत्येक नोड प्रत्येक बातमी ‘ताजी’ म्हणून पुढे ढकलत राहिला. ते वाटपच इतकं झालं की दुसऱ्या कामाला सवड उरली नाही, आणि अख्खं नेटवर्क काही तास आडवं पडलं. शेवटी नोड 50 कडून आलेल्या बातम्या ऐकूच नका, असं सगळ्यांना सांगावं लागलं.

ओएसपीएफने ते वर्तुळच मोडून सरळ रेषा घेतली: 32 बिट, उणे 2,14,74,83,647 पासून अधिक 2,14,74,83,647 पर्यंत. एका बातमीची नवी आवृत्ती 5 सेकंदांच्या आत काढायला मनाई आहे. दर 5 सेकंदांना एक याप्रमाणे अहोरात्र काढत राहिलं, तरी क्रमांक संपायला 680 वर्षं लागतील. नेहमीच्या चालीने, दर अर्ध्या तासाला एक धरली, तर जवळजवळ 2 लाख 45 हजार वर्षं.

आणि तरीही संपलाच तर? त्याचीही रीत आरएफसीत दिली आहे. आधी जुनी बातमी मुदत संपल्याचा शिक्का मारून सगळीकडून काढून घ्यायची, एकूण एक शेजाऱ्याची पोच यायची वाट बघायची, आणि मगच उणे टोकापासून नव्याने मोजायला लागायचं.