व्हायोलिनची रचना चेलोवर: बदल कुठे होतो?

दिल्लीत चेलो म्हटलं की रसिकांना सास्किया राव-द हास आठवतात. मूळच्या नेदरलँड्सच्या सास्किया दिल्लीत स्थायिक झाल्या. हिंदुस्थानी राग जमिनीवर मांडी घालून वाजवता यावेत म्हणून त्यांनी वाद्यच नव्याने बनवून घेतलं: आकार लहान, वाजवायच्या तारा पाच आणि शिवाय दहा तरफा. वाद्यातला असा बदल डोळ्यांना दिसतो. वाद्य तेच ठेवून रचना बदलली, तर त्यामागची मेहनत दिसत नाही. म्हणूनच त्याबद्दल गैरसमज फार.

पाब्लो द सारासातेची १८७८ सालची ‘त्सिगॉयनरवाइझन’ घ्या. सोलो व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली ही रचना वादकाचा कस पाहते. ती चेलोला द्यायची तर एक सप्तक खाली आणली की झालं, असं बहुतेकांना वाटतं.

तसं होत नाही. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. चेलोच्या सी, जी, डी, ए. फक्त सप्तक उतरवलं तर व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर चेलोच्या जी तारेवर येतो आणि चेलोची सगळ्यात भरदार सी तार रिकामी राहते. दुसरी अडचण शेवटच्या द्रुत भागात येते. तो ए मायनरमध्ये आहे आणि त्यात डाव्या हाताच्या बोटांनी तारा छेडायच्या जागा आहेत. तिथे व्हायोलिनला मोकळ्या ए आणि ई तारांचा आधार मिळतो. चेलोला ई तारच नाही. एक सप्तक आणि आणखी एक पंचम एवढं खाली उतरलं, तर तारेला तार जुळते. ए मायनरचं डी मायनर होतं, आणि मोकळ्या डी-ए तारा ते काम करतात.

मग ऑर्केस्ट्राही सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबून उतरवता येईल? खरी मेहनत इथेच आहे. साथीची व्हायोलिनं आपल्या जी तारेच्या खाली जाऊच शकत नाहीत. सगळं चौथ्या स्वराने वर नेलं तर साथ कर्कश होते. शिवाय व्हायोलिन ऑर्केस्ट्राच्या वर तरंगतं, तर चेलोचा आवाज मधल्या पट्टीत असतो. हॉर्न, बासून आणि व्हायोला तिथेच वाजतात, म्हणून तो सहज झाकला जातो. चांगला अरेंजर तिथली साथ विरळ करतो, स्वरसंघ वर बासरीकडे किंवा खाली डबलबासकडे सरकवतो आणि मधली जागा सोलोसाठी मोकळी सोडतो. माझ्या मते अरेंजरची पारख इथेच व्हावी.

‘चेलोवर ती चपळाई शक्यच नाही’ हे तर साफ खोटं. चेलोच्या तारा दुपटीहून लांब असल्याने खालच्या जागांवर बोटांमधलं अंतर मोठं पडतं, हे खरं. पण वरच्या सप्तकात वादक अंगठाच तारेवर ठेवतो, आणि अंगठा नि तिसरं बोट मिळून सप्तकं पकडता येतात. पॅगॅनिनीने व्हायोलिनच्या एकाच तारेसाठी लिहिलेली ‘मोझेस’ची व्हेरिएशन्स चेलोवादक नित्य वाजवतात.

‘फक्त अरेंजमेंट आहे, परवानगी कशाला?’ हाही धोक्याचा समज. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेची अरेंजमेंट हे रूपांतरच मानलं आहे, आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. सारासाते १९०८ साली गेला, त्यामुळे मूळ रचना मोकळी आहे. खाचातुरियन १९७८ मध्ये गेला. त्याच्या व्हायोलिन कंचेर्टोला हात लावायचा तर २०३८ संपेपर्यंत परवानगी लागेल.

दिल्ली-गुरुग्रामकडे अशा कामाला हात घालणाऱ्या तरुणांना एवढंच सांगेन: ऑर्केस्ट्राची एकही ओळ लिहिण्याआधी सोलोचा भाग चेलोवादकाकडून वाजवून घ्या, आणि त्याची बोटं जिथे अडतील तिथे पट्टी बदला.