इंदूर-पीथमपूर पट्ट्यातील दुचाकीच्या ब्रेकची चार दशके

माळव्याचे पठार इंदूरपाशी समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि महूच्या दक्षिणेला ते नर्मदेच्या खोऱ्यात झपाट्याने उतरते. त्यामुळे एरवी इंदूरच्या बडा गणपती चौकासारख्या सपाट वस्तीत फिरणारी दुचाकी मंडलेश्वर, महेश्वर किंवा ओंकारेश्वरकडे निघाली, की तिला जाम घाट, भेरूघाट किंवा मानपूरपुढचा गणेश घाट यांपैकी एखादा उतार उतरावाच लागतो. चौकात ब्रेक क्षणभर लागतो आणि सुटतो, घाटात मात्र त्याला सलग काम करावे लागते. गेल्या चार दशकांत या पट्ट्यात दुचाकी घडल्या, पुढे त्यांच्या चाचणीची मोठी सोयही येथेच उभी राहिली. तरीही उतारावरच्या ब्रेकचा विचार वेगाच्या आणि सोयीच्या विचारामागून चालत राहिला.

इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरील पीथमपूरमध्ये पुण्याच्या फिरोदिया समूहाने जपानच्या होंडाशी भागीदारी करून १९८४ मध्ये कायनेटिक होंडा स्कूटरचे पर्व सुरू केले. गिअर बदलण्याची कटकट नसलेली आणि बटणावर सुरू होणारी ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक स्कूटर मराठी मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांत, विलक्षण लोकप्रिय झाली. तिच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या बंद डब्याच्या आतील कडेवर लायनर घासून वेग कमी होई. गिअरच्या वाहनात खालचा गिअर टाकला की इंजिनच चाकाला आवरते. या स्कूटरमध्ये तो आधार फारच तोकडा असल्याने लांब उतारावर सगळा भार लायनरवर येई, आणि लायनर तापले की लिव्हर पूर्ण दाबूनही पकड सैल पडे.

ब्रेक कमी लागणे हा एक धोका, तर जास्त लागणे हा दुसरा. चाक फिरायचे थांबून रस्त्यावर घसरू लागले, म्हणजेच जाम झाले, की टायरची बाजूची पकड जवळजवळ संपते, आणि ते पुढचे चाक असेल तर स्वार पडायला सेकंदही लागत नाही. अँटिलॉक ब्रेक प्रणाली, म्हणजे एबीएस, नेमके हेच टाळते: चाकाजवळच्या दातेरी चकतीवरून संवेदक चाकाचा वेग मोजतो, तो वेग एकाएकी कोसळू लागला की नियंत्रक ब्रेकच्या तेलाचा दाब सोडतो, चाक पुन्हा फिरू लागताच दाब वाढवतो, आणि हे चक्र एका सेकंदात अनेकदा घडते. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० या मोटारसायकलवर ही प्रणाली बाजारात आणली. भारतीय उत्पादकाच्या मोटारसायकलवर ती २०११ मध्ये टीव्हीएस अपाचे आरटीआर १८० च्या रूपाने आली, म्हणजे मधे तेवीस वर्षे गेली.

कायद्याने एबीएस आवश्यक ठरले ते आणखी उशिरा. एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना लागू झालेल्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या वाहनांना एबीएस सक्तीचे केले, त्याखालच्या वाहनांना मात्र सीबीएस पुरेसे मानले. सीबीएसमध्ये एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागतात. त्याने भार वाटला जातो, पण चाक जाम होणे थांबत नाही. विजेवर चालणाऱ्या बहुतेक स्कूटर याच दुसऱ्या गटात राहिल्या. ही विभागणी इंजिनाच्या आकारावर बेतलेली होती, आणि उताराच्या दृष्टीने ती चुकीचीच म्हटली पाहिजे. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या वाहनाला सपाट ओल्या रस्त्यावर, घर्षणांक ०.४ धरल्यास, थांबायला साधारण १६ मीटर लागतात. दर दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर तेच अंतर २१ मीटर होते, मग वाहन कितीही सीसीचे असो.

याच काळात पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आकाराला आले. त्याच्या ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केले, आणि बातम्यांत गाजली ती हीच धावपट्टी. ब्रेकच्या अभ्यासकाला मात्र तेथील ब्रेक-चाचणीचा मार्ग अधिक मोलाचा वाटेल. अशा मार्गावर खरखरीत आणि गुळगुळीत पट्टे शेजारी-शेजारी असतात, त्यांवर पाणी सोडले जाते, आणि वाहन चांगल्या पकडीच्या पट्ट्यावरून निसरड्या पट्ट्यावर जात असताना ब्रेक पूर्ण दाबून चाक किती वेळात सावरते हे मोजले जाते. पहिल्या पावसात घाटातल्या वळणावर तेल आणि माती मिसळून जी अवस्था होते, तिचे हे नियंत्रित रूप होय.

विजेच्या दुचाकीने या प्रश्नात नवा गुंता आणला. तिची मोटर उतारावर जनित्रासारखी फिरून वेग कमी करते आणि बॅटरीत वीज परत भरते. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती वीज घेऊ शकत नाही, आणि महूला चार्ज करून जाम घाटाच्या माथ्यावरील जाम दरवाजापासून उतरू लागणाऱ्या स्वाराला मोटरचा आधार नेमका उताराच्या आरंभीच कमी मिळतो. शिवाय हा आधार बहुधा मागच्या चाकालाच असल्याने निसरड्या जागी तेच चाक घसरू शकते, म्हणून एबीएसच्या नियंत्रकाने तेलाच्या दाबाबरोबर मोटरचा रोधही त्या क्षणी सोडवला पाहिजे. युरोपात बॉशने पेडलच्या ई-सायकलींसाठी २०१७ मध्ये एबीएस सादर केले आणि २०२२ मध्ये डोंगरी पायवाटांसाठी त्याचा वेगळा प्रकार काढला. त्यात पुढचे चाक जाम होऊ न देण्याइतकेच मागचे चाक उचलले जाऊ न देण्यालाही महत्त्व होते, कारण तीव्र उतारावर सारे वजन पुढे झुकते. भारतात अल्ट्राव्हायोलेटची एफ७७ ही मोटारसायकल २०२२ मध्ये दोन्ही चाकांच्या एबीएससह आली, पण तिची किंमत सामान्य स्कूटरच्या कितीतरी पट होती.

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मसुद्यात जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या दुचाकींसाठी सीसीची अट काढून एबीएस सरसकट करण्याचा प्रस्ताव होता. स्वस्त स्कूटरच्या पुढच्या चाकाला आजही ड्रम आणि तारेचा ब्रेक असतो, तर प्रचलित एबीएस तेलाच्या दाबावर चालते. त्यामुळे अशा स्कूटरला आधी पुढे डिस्क ब्रेक बसवावा लागतो, आणि किमतीचा खरा वाद तेथूनच सुरू होतो.